हवेपेक्षा स्वच्छ धूर

१

समितीच्या सगळ्या मंडळींसमोर ट्रक सुरू झाला, ड्रायव्हर उस्तादने ॲक्सिलरेटर दाबला आणि मागच्या नळीतून भसकन काळा धूर बाहेर पडला. डिझेलच्या ट्रकमधून काळा धूर निघाला याचं एरवी कुणाला काही वाटलं नसतं. पण या ट्रकमधून तो निघणं शक्यच नव्हतं.

तीन ट्रक शेजारी शेजारी उभे होते. इंजिन तिन्हींचं सारखं, फरक होता तो फक्त धुराला आवर घालण्याच्या तऱ्हेत. पहिला आपला थोडा धूर पुन्हा इंजिनाकडेच वळवून इंजिनाची आग थंड ठेवायचा, म्हणजे विषारी वायूच कमी तयार होई. दुसरा धुरात युरियाचं पाणी फवारून त्यातला विषारी वायू मोडायचा. तिसऱ्याच्या पोटात चिनीमातीची एक गाळणी होती आणि सगळी काजळी तिच्यात अडकायची. शहरात शिरणाऱ्या प्रत्येक मालट्रकला यातलं कोणतं तंत्र सक्तीचं करायचं, ते समिती ठरवणार होती. आदल्या दिवशी पहिली चाचणी झाली. आज दुसरी, समितीच्या डोळ्यांदेखत. मधल्या वेळात ट्रकला कुणीही बोट लावायचं नाही, असा दंडक होता.

काळा धूर सोडणारा ट्रक होता तिसरा, गाळणीचा.

समितीच्या वयोवृद्ध अध्यक्षांनी खुर्ची मागे सारली. "काल या ट्रकच्या धुराबद्दल तुमच्या चाचणी केंद्राने आम्हाला काय कळवलं होतं?"

केंद्राच्या संचालकांना तोंड लपवायला जागा उरली नाही. "की... या ट्रकचा धूर बाहेरच्या हवेपेक्षा स्वच्छ आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्यांच्या नजरा भिंतीपाशी उभ्या असलेल्या तरुण मुलीवर खिळल्या. धूर मोजणं हे तिचं काम. केंद्रात सगळे तिला मीटरताई म्हणत. कालचा आकडा तिचा होता.

"तुमचं ओळखपत्र इथे ठेवा," अध्यक्ष म्हणाले. "चौकशी होईपर्यंत यंत्राजवळ फिरकायचं नाही."

मीटरताईने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"काल मी मोजलं ते खरं होतं, सर. आणि आज तुम्ही पाहिलंत तेही खरं आहे."

२

चौकशीसाठी ज्या बाई आल्या त्यांना त्यांच्या कार्यालयात पाठीमागे शंकाबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि थोडंफार आवडतही होतं. गोदामांच्या आगी, कोसळलेले पूल, बुडालेल्या होड्या, सगळीकडे त्यांनी माणसांना खोटं बोलताना पाहिलं होतं. चांगली बातमी कानावर आली की त्यांच्या कपाळाला आपोआप आठी पडायची. हवेपेक्षा स्वच्छ धूर, हे ऐकून तर त्या गाडीतच हसल्या होत्या.

"मला एकदा समजावून सांगा," त्या मीटरताईला म्हणाल्या. दोघी मोजणीच्या खोलीत बसल्या होत्या. मीटरताई यंत्रापासून हातभर लांब, सांगितल्याप्रमाणे. "इंजिनात डिझेल जळतं. जळल्यावर घाण होते. मग ती हवेपेक्षा स्वच्छ कशी?"

"मॅडम, ती नळी उचला आणि खिडकीबाहेर धरा."

शंकाबाईंनी नळी बाहेर धरली. खिडकीखालून मालधक्क्याचा रस्ता जात होता, वाहनांची रांग लागलेली. पडद्यावरचा आकडा सरसर चढत गेला.

"हे काय मोजतंय?"

"हवेतले कण. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. साखरेच्या खड्याएवढ्या हवेत हजारो असतात. आत्ता तुम्ही श्वास घेतलात ना, त्यातही गेले."

शंकाबाईंनी नकळत श्वास रोखला.

"ट्रकचं इंजिन हीच हवा आत ओढतं," मीटरताई म्हणाली. "त्यात स्वतःची काजळी मिसळतं. मग सगळं मिळून गाळणीतून जातं. गाळणी चांगली असेल तर ती ही काजळी कुणाची आणि ती कुणाची असं बघत नाही, सगळीच अडवते. इंजिनाची आणि रस्त्याचीही. मला कालचा आकडा दिसला तेव्हा मीच घाबरले. यंत्र बिघडलं म्हणून दुसरं लावलं. तोच आकडा. मग तिसऱ्यांदा घेतला." ती थांबली. "मॅडम, तो ट्रक काल हवा धूत होता."

ऐकायला फार सुंदर होतं, आणि सुंदर गोष्टींचा शंकाबाईंना पहिल्यापासून संशय.

"गाळणी उघडा," त्या म्हणाल्या.

ट्रकखालून लोखंडी डबा काढला गेला. पिंपाएवढा मोठा. दोन माणसांनी तो बाकावर ठेवला आणि धूर बाहेर पडण्याच्या बाजूचं झाकण सोडवलं. शंकाबाईंनी खिशातलं भिंग काढलं आणि त्या वाकल्या.

आत चिनीमातीची चकती होती, आणि तिच्यावर बारीक चौकोनी भोकं, मधमाश्यांच्या पोळ्याहून कितीतरी दाट. एक भोक उघडं, शेजारचं बुजवलेलं, पुन्हा एक उघडं. बुद्धिबळाचा अख्खा पट.

"इकडून जी उघडी ती पलीकडून बंद," मीटरताई मागून म्हणाली. "धूर एका नळीत शिरतो आणि पुढे रस्ता नसतो. मग त्याला भिंतीतून जावं लागतं."

"भिंतीतून?"

"हो. भिंतीला इतकी बारीक छिद्रं असतात की वायू जातो, काजळी राहते."

शंकाबाईंनी पांढराशुभ्र रुमाल काढला आणि चकतीच्या कडेवरून फिरवला. रुमाल स्वच्छ. दुसऱ्या कडेवरून फिरवला. स्वच्छ. हजारो मैल धूर पिऊन झालेल्या गाळणीची ही मागची बाजू, आणि ती नव्या बशीसारखी फिकट, निर्मळ होती. फक्त अगदी मध्यावर वाटीएवढा काळा डाग होता. तिथे रुमाल टेकवताच तो काळाकुट्ट झाला.

त्या किती वेळ वाकून बघत राहिल्या ते त्यांनाच कळलं नाही. गाळणी जुनी फुटकी असती तर सगळी चकती कधीच काळवंडली असती. याचा अर्थ कालपर्यंत हिच्यातून काजळीचा कणही सुटला नव्हता. मुलगी खरं बोलत होती. तो अशक्य आकडा खरा होता.

शंकाबाई सावकाश सरळ झाल्या. त्यांच्या अंगावर शहारा आला होता, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटली.

"ताई," त्या म्हणाल्या, "काल दुपारी ही जिवंत होती. आज सकाळी मेलेली सापडली. मधल्या वेळात हिला कुणीतरी मारलंय."

३

केंद्राच्या आवारात काल संध्याकाळी होती तरी किती माणसं? पहारेकरी फाटकावर. संचालक आणि मीटरताई वरच्या मजल्यावर, आकडा तपासत. तिथून दोघं एकत्रच कार्यालयाच्या बसने गेले होते. म्हणजे मीटरताईची साक्ष खुद्द संचालकच देत होते. उरले तिघं.

पहिला उस्ताद. तिन्ही ट्रक चालवणारा ड्रायव्हर. गडी बोलका, पण आज त्याचा घसा बसला होता.

"मी चहाच्या खोलीत होतो, बाई. मला वाटलं ताईच काही मोजतायत. इंजिनाचा आवाज येत होता. चढा, एकसारखा. उभ्या गाडीचा. बराच वेळ चालला. मग एकदम पडला."

"बंद झालं इंजिन?"

"नाही नाही. बंद नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर कसं हळू घुरघुरत राहतं, तसं. एकदम सोडला. गाडीवर प्रेम असणारा माणूस असा सोडत नाही."

"कुठली गाडी ते कळलं?"

"भिंतीपलीकडून कसं कळणार? आणि मी उठलो नाही. आता वाटतं, उठायला हवं होतं."

दुसरा होता गाळणी बनवणारा अभियंता. तिशीतला, देखणा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याचे वडील जहाजावर. वर्षातले बहुतेक महिने समुद्रातच असायचे, म्हणून तो लहानाचा मोठा झाला तो काकांच्या घरी. आणि ते काका म्हणजेच युरियाचा ट्रक बनवणारे. घरात एका ताटात जेवलेले दोघे इथे एकमेकांच्या विरुद्ध उभे होते, आणि केंद्रात त्यावर रोज विनोद व्हायचे.

"मी लवकरच घरी गेलो," पुतण्या म्हणाला. "गाळणी कशी गेली ते मला खरंच माहीत नाही, मॅडम. चिनीमाती आहे. असते कधी एखादी कच्ची."

"मीटरताईवर आळ आलाय."

त्याने मान खाली घातली. "ती खोटं बोलणाऱ्यातली नाही."

"हे तुम्ही समितीला का नाही सांगितलंत?"

तो उठला आणि दाराकडे वळला.

तिसरे युरियाकाका. केस पिकलेले, बोटांना सतत कसली तरी पांढरी भुकटी लागलेली. शंकाबाई त्यांच्या शेडमध्ये शिरल्या तेव्हा ते आपल्या ट्रकच्या टाकीचं झाकण पुसत होते. सुकलेल्या युरियाचे स्फटिक मिठासारखे चमकत होते.

"तुमचा धंदाही चमत्कारिकच दिसतो," शंकाबाई म्हणाल्या. "शेतात टाकायचा युरिया धुरात?"

काकांचा चेहरा उजळला. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की त्यांना राहवत नसे. "शेतातल्यापेक्षा शुद्ध, पण वस्तू तीच. बाई, इंजिनाच्या आगीत काय होतं माहितीये? हवेतलाच नायट्रोजन, बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो त्या उष्णतेत ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि विष होतो. फुप्फुसं जाळणारं विष. आम्ही काय करतो, थोडं युरियाचं पाणी फवारतो. उष्णतेत त्याचा अमोनिया होतो. अमोनिया त्या विषाला भेटतो, आणि..." त्यांनी दोन्ही तळवे उघडले. "पुन्हा नायट्रोजन. आणि पाण्याची वाफ. बस्स. आत्ता तुम्ही आत घेताय ना, ती साधी हवा. विष होतं याचा मागमूस राहत नाही. इतकी वर्षं हेच करतोय, पण अजून प्रत्येक वेळी बघत बसतो मी."

शंकाबाई त्या उघड्या तळव्यांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मन आवरलं.

"काल संध्याकाळी तुम्ही बादली घेऊन गाळणीच्या ट्रककडे गेलात. पहारेकऱ्याने पाहिलंय."

काकांचे तळवे मिटले.

"हो," ते म्हणाले. "गेलो होतो."

"कशासाठी?"

काकांनी एकदा दाराकडे पाहिलं. दारात पुतण्या उभा होता. कधी आला कुणास ठाऊक.

"गाळणी मी फोडली, बाई. ट्रकची नळी तापलेली होती, तिच्यात बादलीभर गार पाणी ओतलं. चिनीमाती तडकली. पोरगं माझ्या पुढे जाईल हे मला सहन झालं नाही. लिहून घ्या."

४

कबुली मिळाली की चौकशी संपते. पण काकांनी 'लिहून घ्या' म्हटलं तेव्हा शंकाबाईंच्या कपाळाला ती जुनी आठी पडली. त्यांनी काहीही लिहून घेतलं नाही.

"काका, तुम्ही इथेच बसा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मीटरताईला घेऊन ट्रकपाशी गेल्या.

आधी त्यांनी मागची नळी पाहिली. आतून काळी झालेली, आजच्या धुराने. त्यांनी ती काजळी चिंधीने पुसून काढली. खालचं पोलाद दिसू लागलं आणि दोघी बघतच राहिल्या. नळीला रंग चढले होते. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि डब्याजवळ तर मोरपिशी निळा.

"पोलाद तापलं की रंग धरतं," मीटरताई हळूच म्हणाली. "पण एवढा निळा... आमच्या चाचणीत नळी इतकी तापतच नाही."

"डब्याच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला बघ."

मीटरताईने वाकून पाहिलं. "तिकडे काहीच नाही. साधी करडी."

"म्हणजे ही उष्णता इंजिनातून आलेली नाही. डब्यातच जन्मली." शंकाबाई आता तिला तू म्हणू लागल्या होत्या, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. "बरं, इथलं पाणी कसं आहे ग? चहाच्या खोलीतली किटली पाहिलीस?"

"क्षाराचं आहे. किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो."

"तापलेल्या नळीत बादलीभर असलं पाणी ओतलं तर?"

मीटरताईचे डोळे मोठे झाले. "आतून पांढरे डाग पडतील. सगळीकडे."

नळीत एकही डाग नव्हता. तो होता खाली, फरशीवर. नळीच्या तोंडाखाली पांढरट वर्तुळ वाळलेलं, आणि त्याच्या मधोमध जळक्या गोणपाटाचे धागे फरशीला चिकटलेले. पाणी नळीत गेलंच नव्हतं. खाली काहीतरी पेटलं होतं आणि कुणीतरी ते विझवलं होतं.

मग गाळणी करवतीने उभी कापायला लावली. दोन अर्धुकं अलग झाली तसा कापणाऱ्या माणसाच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

बाहेरचा भाग धडधाकट होता. हजारो सरळ नळ्या, अखंड, वीणेच्या तारांसारख्या. आणि आतल्या गाभ्यात त्या नळ्यांचं पाणी होऊन गेलं होतं. चिनीमाती वितळून, ओघळून, पुन्हा गोठली होती. काळपट हिरव्या काचेचा एक गोळा, मुठीएवढा, उजेडात चमकणारा, आणि त्याच्याभोवती काजळी आरपार सोडणारी पोकळी.

"हे पाण्याने होईल?" शंकाबाईंनी विचारलं.

"पाण्याने तडे जातील. वितळणार कसं?" मीटरताई त्या गोळ्यावरून नजर काढू शकत नव्हती. "मॅडम, ही भट्टीत भाजलेली माती आहे. हिला वितळवायचं म्हणजे भट्टीहून मोठी आग पाहिजे. ती इथे कुठून आली?"

"ते तू सांगायचंस."

मीटरताईने कापलेल्या नळ्यांतली काजळी बोटाने खरवडून पाहिली.

"काजळी," ती म्हणाली. "आत साठलेली काजळीच पेटली."

५

काका, पुतण्या, संचालक आणि मीटरताई असे चौघं मोजणीच्या खोलीत बसले. शंकाबाई उभ्याच होत्या.

"काका, एक सांगा. तुम्ही तापलेल्या नळीत पाणी ओतलंत म्हणता. चाचणी तर दुपारीच संपली होती. संध्याकाळपर्यंत ट्रक गार पडला असणार. मग तो तापवला कुणी?"

काकांनी ओठ ओले केले. "मीच. मीच सुरू केला."

"बरं. या ट्रकमध्ये साठलेली काजळी जाळून टाकायची एक कळ आहे. तीही तुम्हीच दाबलीत?"

"हो."

"कुठे आहे ती?"

"स्टिअरिंगच्या... डावीकडे."

मीटरताईने मान हलवली. "ती सीटच्या मागे आहे, काका. झाकणाखाली."

खालून मालधक्क्यावरच्या गाड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"गाळणी भरत जाते तशी ती मधूनमधून जाळून रिकामी करायची असते," शंकाबाई म्हणाल्या. "हे मला दुपारपर्यंत माहीत नव्हतं, ताईने शिकवलं. जाळताना इंजिन वेगात ठेवायचं, म्हणजे धुराचा झोत आतली उष्णता वाहून नेतो. कुणी भलत्याच वेळी वेग सोडला, तर झोत मंदावतो. उष्णता आतच कोंडते. वर मंद इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन जास्त उरतो, म्हणजे आगीला फुंकरच. उस्तादने ऐकलं ते हेच. चढा आवाज, बराच वेळ, आणि मग एकदम पडलेला. त्या क्षणी ही गाळणी आतून वितळत होती. कळीची जागा या खोलीत दोघांना माहीत आहे. त्यातली एक काल संध्याकाळी संचालकांसोबत होती."

पुतण्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तो असलं काही करणार नाही हो!" काका उठून उभे राहिले. "बाई, मी सांगितलं ना, मी—"

"काका, पुरे," पुतण्या म्हणाला. त्याने हात खाली घेतले. "पुरे आता."

तो बोलू लागला. काल धुराचा आकडा आला तेव्हा तो आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. पण गाळणी भरत आलेली होती, त्यामुळे इंजिनाला श्वास सोडायला जड जात होतं आणि डिझेल जास्त लागत होतं. निकालाच्या तक्त्यातल्या त्या एका रकान्यात काकांचा ट्रक पुढे होता. फक्त त्या एकाच. समितीसमोर तेवढंही मागे राहायचं त्याच्या जिवावर आलं. ट्रकला हात लावायचा नाही हे ठाऊक असून त्याने संध्याकाळी काजळी जाळायला घेतली.

"व्यवस्थित चाललं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर झालं असतं."

"मग वेग का सोडलास?" मीटरताईने विचारलं. "तुला तर सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. तू असा कसा सोडलास?"

पुतण्याने काकांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. शंकाबाईंनी ते पाहिलं. काही उत्तरं मिळू नयेत असंही कधीकधी वाटतं.

"मी आलो म्हणून," काका सावकाश म्हणाले. "हो ना रे? मी कोपऱ्यावरून येताना तुला दिसलो."

"मी लहानपणी काही फोडलं की असाच दचकायचो, काका. तुमची चाहूल लागली आणि पाय आपोआप उचलला गेला. मग लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. खालचं गोणपाट पेटलं होतं."

"मला वाटलं नुसतं गोणपाटच पेटलंय. मी धावत बादली आणली, पाणी टाकलं आणि म्हटलं, जा घरी, मी कुणाला बोलणार नाही." काका खाली बसले. "आज सकाळी धूर पाहिला तेव्हा कळलं. आणि मला वाटत होतं, मी तुला वाचवतोय."

"आणि मी?" मीटरताई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, पण काका-पुतण्या दोघांच्याही माना खाली गेल्या.

"तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतात. ओळखपत्र मी काढून दिलं. सकाळपासून लोक माझ्याकडे असे बघतायत की मी कुणाच्या खिशात हात घातलाय. माझ्या आईचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. काय सांगू तिला? मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात थोर गोष्ट खरी होती, आणि ज्याने ती घडवली तोच गप्प बसलाय?"

पुतण्याला रडू कोसळलं. काकांनी त्याला जवळ घेतलं नाही. त्यांनी मीटरताईपुढे हात जोडले.

६

दुसऱ्या दिवशी समितीपुढे पुतण्या स्वतः गेला. शंकाबाईंनी त्याला तेवढी एक संधी दिली होती. त्याने काहीही राखून ठेवलं नाही. काकांनीही आपलं खोटं कबूल केलं.

अध्यक्ष कडक गृहस्थ होते. पुतण्याला चाचणीतून काढून टाकायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मीटरताईला ओळखपत्र परत केलं, सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि विचारलं, "या माणसाचं आणखी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

मीटरताईने त्यावर रात्रभर विचार केला होता असं दिसलं. "त्याने गाळणी फोडली त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आकडा खोटा ठरत असताना तो गप्प बसला. नव्या गाळणीची चाचणी होईल तेव्हा आकडे मी वाचणार नाही. त्याने वाचायचे. तुमच्यासमोर, मोठ्याने."

अध्यक्षांनी तेवढ्यापुरतं त्याला बोलवायचं मान्य केलं. नवी गाळणी बसली. पण त्याआधी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती काकांनी सुचवली. काजळी अडवणारी गाळणी विषारी वायूला हात लावत नाही, आणि विष मोडणारा युरिया काजळीला ओळखत नाही. तेव्हा तीन ट्रकांतला एक निवडा, हा प्रश्नच मुळात अपुरा होता. समितीने हो म्हणायला वेळ लावला, पण म्हटलं. गाळणीच्या मागे, त्याच नळीवर, काकांचं यंत्र जोडलं गेलं. धूर आधी पुतण्याच्या भिंतींतून जाणार होता आणि मग काकांच्या हाताखालून.

चाचणीच्या दिवशी शंकाबाईंना यायची काही गरज नव्हती. त्यांचं काम केव्हाच संपलं होतं. तरी त्या आल्या आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या एखादी चांगली गोष्ट खरी ठरावी म्हणून वाट बघत होत्या.

उस्तादने इंजिन सुरू केलं. वेग चढत गेला. नळीच्या तोंडातून काहीच दिसेना. फक्त तिथली हवा उष्णतेने थरथरत होती, आणि तिच्यापलीकडे भिंतीवरचं घड्याळ पाण्यात बघितल्यासारखं हलत होतं.

पुतण्या पडद्यासमोर उभा राहिला. आधी त्याने विषारी वायूचा आकडा वाचला. जवळजवळ शून्य. काकांनी डोळे मिटले. मग त्याने खोलीतल्या हवेतल्या कणांचा आकडा वाचला. शेवटी नळीतल्या हवेचा वाचायचा होता. त्याने तो एकदा डोळ्यांनी तपासला आणि मोठ्याने सांगितला.

खोलीतल्यापेक्षा तो कितीतरी कमी होता.

"पुन्हा वाचा," अध्यक्ष म्हणाले.

त्याने पुन्हा वाचला. इंजिन चालूच होतं. तेवढं मोठं धूड, दोन माणसांएवढ्या उंचीचं, गुरगुरत शहराची मळकी हवा ओढून घेत होतं आणि धुऊन परत देत होतं. मीटरताईचा फोन वाजत होता आणि तिला तो ऐकूच येत नव्हता. शेवटी अध्यक्ष खुर्चीवरून उठले. त्यांच्यामागोमाग संचालक उठले, मग समितीतला एकेकजण. कुणी त्यांना उठायला सांगितलं नव्हतं. सगळे त्या ट्रकसमोर उभे राहिले, आणि इंजिन बंद करा असं म्हणणं सगळ्यांच्याच जिवावर आलं.